उंची पाच फूट, टूरिंगसाठी रिकम्बंट घ्यायची आहे – सल्ला हवा

मुंगीताई
नमस्कार मंडळी,
मी नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला असते. उंची १५२ सेमी, म्हणजे आपले पाच फूट. या उंच लोकांच्या देशात सायकलच्या दुकानात शिरलं की "लहान मुलांचा विभाग मागे आहे" असं हसून सांगतात.

सध्या साधी टूरिंग सायकल आहे. तीस-चाळीस किलोमीटर झाले की करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मानेतून कळ निघते. हँडल वर घेऊन झालं, स्टेम आखूड करून झाला, फिटिंगवाल्यांना पैसे देऊन झाले. पुढच्या उन्हाळ्यात र्‍हाइनच्या काठाने उलट्या दिशेने, म्हणजे हुक फान होलांडहून वर स्वित्झर्लंडकडे जायचा बेत आहे. तंबू, स्टोव्ह, सगळा संसार बरोबर. इथे लिगफिट्सवर, म्हणजे रिकम्बंटवर, मागे रेलून पाय पुढे करून चालवायच्या आडव्या सायकलवर, आरामात पहुडलेले आजोबा रोज मला मागे टाकून जातात. आता आपणही तेच करावं असं घेतलंय मनात.

गेल्या शनिवारी दुकानात दोन-तीन चालवून पाहिल्या. पेडलपर्यंत पाय पोचतो, दुकानदाराने पुढचा दांडा आत ढकलून दिला. पण थांबलं की जमीन लागत नाही! सिग्नलला खांब शोधावा लागतो. दुकानदार म्हणतो, "सवय होईल." खरंच होते का? की माझ्या उंचीला तीनचाकी हाच पर्याय? वजन, चढ, सामान आणि तळघरातली सायकलखोली हे सगळं धरून सांगा. खोलीचं दार अरुंद आहे.

तिरकस
मी पयला.
झोपून करायचा एकच व्यायाम मला येतो, त्यात आवाज फार होतो असं घरचे म्हणतात. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

गिअरवाला
ताई, आधी उंची विसरा. आडव्या सायकलला उंची चालत नाही, दोन वेगळी मापं लागतात.

पहिलं: बूट घालून जमिनीवर बसा, पाठ आणि कंबर भिंतीला चिकटवा, पाय सरळ करा. भिंतीपासून तळव्यापर्यंतचं अंतर मोजा. याला एक्स-सीम म्हणतात. पेडल सीटपासून किती लांब हवं ते यावरून कळतं. दुसरं: उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं नेहमीचं माप. थांबल्यावर पाय टेकेल की नाही ते यावर.

दुकानदार पेडल बसवलेला पुढचा दांडा (याला बूम म्हणतात) आत ढकलून पहिला प्रश्न सोडवतो आणि दुसर्‍या प्रश्नाला "सवय होईल" म्हणतो. सवयीने पाय लांब होत नाहीत.

आणखी एक. माहितीपत्रकातली सीटची उंची बघताना ती कुठे मोजलीय ते विचारा. सगळ्यात खोलगट जागी मोजली असेल तर तुमच्या कामाची नाही. तुम्हाला हवी सीटच्या पुढच्या कडेची उंची आणि त्या कडेची रुंदी. कड रुंद असली की मांड्या फाकतात आणि तिथेच पायाची लांबी खर्च होते. सीट जितकी मागे कलती, तितकी ती कड वर उचलली जाते. उलट मागे सस्पेन्शन असेल तर तुम्ही बसल्यावर थोडी खाली बसते, तो फायदा. दोन्ही मापं इथे टाका, मग बोलू.

शेवग्याची_शेंग
माझी उंची १९० आहे. चार-सहा इंच देऊ का? विमानात फार अडचण होते.

मुंगीताई
@शेंग, कुरियर करा.
@गिअरवाला, नवर्‍याने टेप धरली. बूट घालून एक्स-सीम ९१ सेमी, उभ्याने ६८. त्याचीही मोजली, मग तासभर दोघं भिंतीला टेकून चहा पीत बसलो.

दुचाकीदास
मी जर्मनीत माइन्झजवळ असतो. नाव दुचाकीदास असलं तरी आता तीनचाकी चालवतो, नाव बदलायचा कंटाळा.

मुंगीताई, तीनचाकीच घ्या. पुढे दोन चाकं, मागे एक. थांबल्यावर पाय टेकायचाच नसतो, मग उंचीचा प्रश्न येतोच कुठे? चढावर चालण्याच्या वेगाने गेलात तरी तोल जात नाही. दमलात तर ब्रेकची पट्टी ओढा आणि तिथेच बसून सफरचंद खा. बसायला वेगळं कुठे जायचं नाही, आरामखुर्ची बरोबरच असते. र्‍हाइनच्या काठाला कोब्लेन्झ ते बिंगेन हा पट्टा तर तीनचाकीवरून बघण्यासाठीच केलाय. दोन्हीकडे डोंगरावर किल्ले, आणि मान आपोआप वरच असते.

एकच धोक्याची सूचना, आणि ती कळकळीने देतोय. पाय पेडलला बांधलेले हवेत, क्लीटने (बुटाच्या तळाचा, पेडलमध्ये अडकणारा खटका) किंवा टाचेच्या पट्ट्याने. चालत्या तीनचाकीत पाय निसटून जमिनीला टेकला तर गाडी पुढे जाते आणि पाय आडव्या नळीखाली ओढला जातो. घोटा, गुडघा, काहीही मोडू शकतं. दुकानात चालवून बघतानाही नुसत्या सपाट पेडलवर जोरात जाऊ नका.

सुरपाखरू
दुचाकीदासांशी पूर्ण असहमत. :)

मी १५५, हॅनोव्हरला राहते, दोनचाकी आडवीच चालवते. दोन्ही चाकं वीस इंची. तीनचाकी मीही आधी चालवून पाहिली. मजा आली, पण सायकलरस्त्यावर गाड्या शिरू नयेत म्हणून खांब रोवलेले असतात ना, त्यांच्यामधून जाताना दर वेळी श्वास रोखायचा. शिवाय तीन चाकं तीन वेगळ्या रेषांत चालतात. खड्डा चुकवायचा म्हटलं तर एक चुकतो, एक लागतोच. आणि अरुंद दाराच्या तळघरात तीनचाकी नेणं म्हणजे सोफा नेण्यासारखं आहे, आडवी-तिडवी करत.

तर कमी उंचीसाठी माझा अनुभव: ब्रँडच्या आधी चाकं बघा. मागचं चाक सव्वीस इंची असलं की बहुतेक वेळा सीटही वर जाते. आझुब सिक्सची दोन्ही चाकं सव्वीसची, ती आपल्यासाठी नाही. स्ट्रीटमशीन उत्तम टूरर आहे, पुढे वीस मागे सव्वीस, दोन्हीकडे सस्पेन्शन, सामान घेऊन दगडासारखी स्थिर. पण मी बसले तेव्हा फक्त बोटं टेकत होती. ग्रासहॉपर आणि आझुब मिनी या दोन्ही वीस-वीस. या चालवून बघा. ग्रासहॉपरची घडीही होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्रँक, म्हणजे पेडल जोडलेला दांडा, आखूड करून घ्या. १७० मिमीचे क्रँक आपल्या पायांना फार मोठे. गुडघा छातीपर्यंत येतो, आणि टाच पुढच्या चाकाला लागते! बूम पूर्ण आत असेल तर पेडल पुढच्या चाकाच्या डोक्यावरच फिरतात. हळू वेगात वळण घेताना चाक तिरकं होतं आणि टाच सरळ टायरवर. माझ्या उजव्या बुटाच्या टाचेला आतल्या बाजूने गुळगुळीत चकती पडली होती, टायरच्या नक्षीसकट. मी १५२ मिमीचे बसवले, तो प्रकार बंद.

गिअरवाला
सुरपाखरू, +१. त्यातलं गणित सांगतो, कारण लोकांना वाटतं दीड-दोन सेंटीमीटरने काय होतंय.

क्रँक १७० चा १५२ केला म्हणजे १८ मिमी कमी. पाय तेवढाच सरळ व्हावा म्हणून बूम १८ मिमी पुढे सरकवायचा. म्हणजे पेडलच्या वर्तुळाचा मध्य १८ ने पुढे गेला आणि त्रिज्याही १८ ने कमी झाली. पेडल सगळ्यात मागे येतं त्या जागी टायरपासून ३६ मिमी जास्त जागा मिळते. जवळजवळ दीड इंच. शिवाय गुडघे कमी वर येतात, समोरचं दिसतं. आडव्या सायकलवर बुटक्या माणसाची तक्रार असते की रस्त्याऐवजी स्वतःचे गुडघेच दिसतात, ती पुष्कळशी क्रँकची असते.

बूम हलवला की चेनही बघावी लागते हे विसरू नका. एक सेंटीमीटर बूम म्हणजे दोन सेंटीमीटर चेन. आडव्या सायकलला साध्या सायकलच्या अडीच-तीन चेन जोडलेल्या असतात. उंच मालकाची जुनी गाडी घेतलीत आणि बूम दहा सेंटीमीटर आत ढकलला, तर वीस सेंटीमीटर चेन लोंबणार. ती दुकानदाराकडूनच कापून घ्या.

६८ च्या मापाला सीटची पुढची कड ५० सेमीच्या आसपास असेल तर पाऊल नीट टेकावं, ५५ ला चवडे. हा माझा अंदाज आहे, बसून बघण्याला पर्याय नाही.

आगाऊ_कार्टं
एक बाळबोध शंका. ही सायकल इतकी आरामाची, वार्‍याला इतकी कमी अडते, तर टूर द फ्रान्समध्ये का नाही दिसत? काहीतरी गोम असणारच ना?

भास्करकाका
बाळा, गोम आहे, पण सायकलीत नाही.

७ जुलै १९३३ ला पॅरिसच्या वेलोड्रोमवर फ्रान्सिस फोर नावाच्या रायडरने शार्ल मोशेच्या 'वेलोकार' या आडव्या सायकलवर तासाभरात ४५.०५५ किमी कापले. आधीचा विक्रम ऑस्कार एगचा, १९१४ चा, ४४.२४७ किमी. एकोणीस वर्षं कोणाला न हललेला आकडा एका दुय्यम दर्जाच्या रायडरने हलवला म्हटल्यावर गडबड उडाली. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने बसून "सायकल म्हणजे काय" याची व्याख्याच अशी बांधली की ही बाहेर पडावी. १ एप्रिल १९३४ पासून लागू. तारीख एप्रिल फूलची असली तरी निर्णय अजून कायम आहे. शर्यतीत नाही म्हणून मोठे कारखाने बनवत नाहीत, बनवत नाहीत म्हणून महाग.

आता मूळ प्रश्नाकडे. मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो, वय सत्तरीच्या उंबरठ्यावर, उंची तुझ्याहून दोन बोटं जास्त. इथली जुनी पठडी म्हणजे लांब व्हीलबेसची, म्हणजे दोन चाकांत जास्त अंतर असलेली: टूर ईझी, रॅन्स स्ट्रेटस. पुढचं चाक पायांच्याही पुढे असतं. पेडल सीटपेक्षा खाली, सीटही खाली, दोन्ही पाय निवांत टेकतात, टाच चाकाला लागायचा प्रश्नच नाही. युरोपातल्या गाड्यांमध्ये पेडल सीटच्या वर, पाय आकाशाकडे. तासाभराने बोटांना मुंग्या येतात. मुंगीताईला मुंग्या कशाला?

तिरकस
काका :D :D

सुरपाखरू
काका, तुमचं सगळं बरोबर, पण ती गाडी किती लांब असते ते सांगा की. दोन मीटरच्या वर. उत्रेख्तच्या सायकलखोलीतल्या वळणावर अडकली तर काढायला अग्निशमन दल लागेल. आणि र्‍हाइनवरून परत येताना आगगाडीत कुठे घालायची?

भास्करकाका
मान्य. इथे आम्ही गराजवाले, विसरतो. आगगाडी म्हणजे काय तेही विसरत चाललोय.

फिजिओ_प्राची
व्यवसायाने फिजिओ, म्हणून थोडं.

करंगळी-अनामिका बधिर होणं हे बहुधा तळहाताच्या कडेला अल्नर नर्व्ह हँडलवर दाबली गेल्याने होतं. आडव्या सायकलवर हातावर भारच नसतो, त्यामुळे फरक पडायला हवा. पण सायकल सोडल्यावरही बधिरपणा राहत असेल तर आधी डॉक्टरला दाखवा, सायकल नंतर.

मानेचं मात्र सरसकट सांगता येत नाही. सीट फार झोपवली तर पुढे बघायला डोकं उचलून धरावं लागतं आणि मानेच्या पुढच्या बाजूचे स्नायू भरतात. सुरुवातीला सीट उभी ठेवा. कमी उंचीच्या लोकांसाठी अजून एक: कडक कवचाच्या सीट वेगवेगळ्या मापांत येतात. मोठ्या मापाची घेतली तर कमरेचा उंचवटा पाठीत टोचतो आणि पुढची कड मांडीखाली रुतते. जाळीची सीट थोडं सांभाळून घेते. बोटांना मुंग्या हे काकांनी सांगितलंच, तिथे बूट सैल आणि तळ कडक हवा, क्लीट जरा मागे.

कोरडवाहू
साताऱ्याहून. आमच्या इथल्या एका वेल्डरने दोन भंगार सायकली कापून अशी एक बनवलीय. पुढे मुलाच्या सायकलचं चाक, सीट प्लॅस्टिकच्या खुर्चीची. गावात फिरली की पोरं मागे. पण खरा त्रास कुत्र्यांचा! साध्या सायकलवर कुत्रं पोटरीला बघतं. या सायकलवर कुत्र्याचं आणि तुमचं तोंड एका पातळीवर. दोघंही दचकतात.

आणि हो, ती खंबाटकी चढेल का? उभं राहून पेडल मारता येत नाही म्हणे.

गिअरवाला
उभं राहता येत नाही, खरंय. वजन टाकून दाबायची सोय नाही, फिरवत राहायचं. म्हणून सगळ्यात खालचा गिअर साध्या टूरिंग सायकलपेक्षाही खालचा हवा. इथे वीस इंची मागचं चाक मदतीला येतं.

पुढे ३० दात, मागे ३४. चाळीस मिमीचा टायर असलेलं वीस इंची चाक एका फेरीत साधारण १.५३ मीटर जातं, सव्वीस इंची २ मीटर. म्हणजे पेडलच्या एका फेरीत एकीकडे १.३५ मीटर, दुसरीकडे १.७७. मिनिटाला साठ फेर्‍या धरल्या तर वेग ताशी पावणेपाचच्या जरा वर आणि सव्वासहाच्या जरा वर. तेच दात, तेवढ्याच फेऱ्या, पण लहान चाक चढाला हलकं. उतारावर पुढे ५२, मागे ११ असेल तर ऐंशी फेर्‍यांना ताशी ३५ च्या आतच. टूरिंगला त्याहून जास्त कशाला हवा?

दुचाकीदास
आणि आता गिअरवाल्यांनी न सांगितलेला भाग मी सांगतो. ;) ताशी पावणेपाचला सामान लादलेली दोनचाकी आडवी सायकल सरळ चालवून दाखवा. नागमोडी होते. साध्या सायकलवर कमरेने तोल सावरतो, इथे कंबर सीटला चिकटलेली. चढावर थांबलात तर पुन्हा सुरुवात करणं ही स्वतंत्र कला आहे. आणि ज्याचा पाय जमिनीला नीट पोचत नाही त्याला ती दुप्पट अवघड.

सुरपाखरू
हे मात्र खरं. नाकारत नाही.

सुरुवात करायची रीत सांगते, मला एका बाईने शिकवली होती. एक पाय पेडलवर, ते पेडल वर आणि किंचित पुढे. पाठ सीटला टेकलेली. पुढे वाकायचं नाही. सवयीने सगळे वाकतात आणि तिथेच तोल जातो. ब्रेक सोडून पहिलं पेडल ठणकून मारायचं, नजर वीस मीटर पुढे. दुसरा पाय आपोआप वर येतो. खांदे आणि हात ढिले. पहिला आठवडा मोकळ्या वाहनतळावर काढावा.

चढावर अडकले तर मी सरळ उतरते आणि ढकलते. कोणी बघत असेल तर फोन काढून फोटो घेत असल्याचं दाखवते.

रानमेवा
माफ करा, थोडं विरोधी मत. उंची कमी म्हणून रिकम्बंट हे मला पटत नाही. कमी उंचीच्या लोकांना साधी सायकलच कोणी नीट बनवून देत नाही, हा खरा आजार. ७०० सीची मोठी चाकं छोट्या सांगाड्यात कोंबतात, मग वरची नळी लांब होते, हात ताणले जातात, तळहातावर भार येतो. जॉर्जिना टेरी यांनी अमेरिकेत १९८५ मध्ये बायकांसाठी सायकली बनवायला घेतल्या, तेव्हा छोट्या मापांत पुढचं चाक चक्क २४ इंची दिलं होतं, याच कारणासाठी. सर्ली कंपनीच्या लाँग हॉल ट्रकर सायकलची छोटी मापं २६ इंची चाकांची होती. बाइक फ्रायडे कंपनीवाले वीस इंची चाकांवर मापाने बनवून देतात, घडीही होते. लिगफिट्सचे पैसे टाकण्याआधी एकदा अशी काहीतरी बघा.

मुंगीताई
रानमेवा, मुद्दा अगदी पटला, आणि माझ्या आत्ताच्या सायकलचं दुखणं तेच असणार. पण २६ इंची चाकांची छोट्या सांगाड्याची एक मैत्रिणीकडून आणून दिवसभर चालवली आहे. मान सुधारली, बोटं नाही. शिवाय खरं सांगू, आता मला आडवीच हवीय. आजोबांना मागे टाकायचंय.

तिरकस
बस्स, हे आधी सांगितलं असतं तर धागा तिथेच संपला असता.

पाणकोंबडा
आजोबांना मागे टाकायचं असेल तर वेलोमोबील, म्हणजे कवचाने झाकलेली आडवी सायकल, घ्या. तुमच्याच देशात ड्रॉन्टेनला बनतात, फायबरच्या केळीत बसल्यासारखं. उलटा वारा असताना हाउत्रिबडाइक या बांधावर, एन्कहाउझेन ते लेलिस्टाट, पंचवीसेक किलोमीटर सरळ रेषेत दोन्हीकडे पाणी, साधी सायकलवाली मंडळी जिवाच्या आकांताने पेडल मारत असतात आणि एक पिवळी केळी सुळकन निघून जाते. मीही त्या मंडळींतला. शिव्या आल्या होत्या ओठांवर, पण वार्‍याने तोंडात परत घातल्या.

कोरडवाहू
पाणकोंबडा, केळी किती रुपये डझन?

पाणकोंबडा
एकीच्या पैशात तुमच्याकडे चारचाकी येईल, जुनी पण चालती.

कडेकपारी
अवांतर होतंय पण राहवत नाही. ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करणार्‍यांना माहीत असेल, रांदोन्यूरिंगमध्ये, म्हणजे या प्रकारात, आडव्या सायकलला मज्जाव नाही, माणसाच्या बळावर चालली म्हणजे झालं. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला तर अशा 'विशेष' सायकलींना वेगळ्या गटात सोडतात. मी नाशिककडच्या ब्रेव्हे करतो, साध्या सायकलवर. सहाशे किलोमीटरच्या राइडमध्ये रात्री तीन वाजता कसार्‍याच्या अलीकडे बुडाची जी अवस्था असते ती लक्षात घेता, मुंगीताई, जमेल तेवढ्या लवकर घ्या.

पण आपल्याकडे ट्रकवाल्याला खाली बघायची सवय नाही. उंच झेंडा, दिवसाही लखलखता लाल दिवा, आणि तरी मी महामार्गावर नेणार नाही. हॉलंडात सायकलरस्ता वेगळा आहे, तिथे हा प्रश्न फार कमी.

दुचाकीदास
मुंगीताई, र्‍हाइनच्या उगमापाशी, तुमच्या वाटेच्या शेवटी, ओबेराल्प खिंड आहे हे ठाऊक आहे ना? २०४४ मीटर. दिसेंटिसपासून वीसेक किलोमीटरमध्ये नऊशे मीटर चढायचे. नागमोडी चालवायला तिथे जागा कमी, मागे मोटारसायकलींचे जथे.

कडेकपारी
म्हणजे साधारण पसरणी घाटासारखा चढ, फक्त जास्त लांब आणि वर थंडी. करण्यासारखा आहे.

मुंगीताई
ठाऊक आहे, आणि तिथून लाल आगगाडी वर जाते हेही ठाऊक आहे. :) दम असेल तर चढेन, नसेल तर खिडकीतून बघेन.

हालहवाल: काल दुसर्‍या दुकानात गेले, शहराबाहेर. या बाईंनी मला पाहताच आधी सीट मोजायची टेप काढली, मग चहा विचारला. मी मागितलं तसं मागच्या बॅगांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टाकून दिल्या, साधारण पंधरा किलो.

तीनचाकी: बसल्याबरोबर हसू आलं, उतरावंसं वाटेना. पण आमच्या खोलीच्या दाराचं माप घेऊन गेले होते. चाकांमधलं अंतर दारापेक्षा चार बोटं जास्त. तिरकी करून जाईल म्हणे, रोज कोण करणार?

वीस-वीसची घडीवाली, जुनी: मालक उंच असावा, बूम बराच बाहेर होता. आत ढकलला तर चेन खाली लोंबली, अगदी गिअरवाल्यांनी सांगितलं तशी. दोन्ही पायांचे चवडे टेकले, सीटवर पुढे सरकले तर पूर्ण पाऊल. सामान चढवल्यावर मागचा भाग आणखी बसला आणि पाऊल बरंच सोपं झालं. टाच मात्र वळताना दोनदा चाकाला लागली, क्रँक १७० चे आहेत. हँडल सीटच्या खाली आहे, हात मोकळे लोंबतात. अर्ध्या तासात बोटं जागेवर होती. मान जरा भरली, सीट फार झोपलेली होती म्हणून असेल.

अडचण एक. सीटखालच्या कॅरिअरला माझ्या मोठ्या पॅनिअर, म्हणजे बाजूला लटकवायच्या बॅगा, लावल्या तर वळणावर रस्त्याला घासतील असं वाटतंय. कोणी अशा गाडीवर तंबूसकट गेलंय का?

सुरपाखरू
अरे वा! हो, मी जाते. मोठ्या पॅनिअर मागे कॅरिअरवर, सीटखाली फक्त पुढच्या चाकाला लावतात तशा छोट्या. जड वस्तू छोट्यांमध्ये: स्टोव्ह, हत्यारं, पाणी. मग गाडीचा भार खाली आणि मधे राहतो, पुढचं चाक हलकं होत नाही. तंबू आणि झोपायची पिशवी सीटच्या मागे, आडवी. आपली पाठ आखूड असल्याने डोक्यावर येत नाही, हा आपल्याला मिळालेला एकमेव फायदा.

वीस इंची टायर-ट्यूब बरोबर ठेवा आणि मोठ्या शहरातच भरून घ्या. ४०६ मापाचं हवं, ४५१ नको. दोन्हींवर वीस इंच लिहिलेलं असतं आणि खेड्यातला दुकानदार खुशाल चुकीचं काढून देतो.

फिजिओ_प्राची
सीट उभी करून पुन्हा तासभर चालवा, मगच पैसे द्या. मानेचं अर्ध्या तासात कळत नाही.

दुचाकीदास
हरलो. पण घडीवाली आहे म्हणजे कंटाळा आला की ट्रेन सोपी पडेल. माइन्झला पोचलात की कळवा, पोहे करतो. चाकं मोजणार नाही.

गिअरवाला
जुनी आहे तर किंमत ठरवताना क्रँक बदलणं, चेन कापणं आणि चेनच्या पुलीचं बेअरिंग बघणं यांचा खर्च त्या बाईंकडूनच लिहून घ्या. पुली हाताने फिरवा. खरखर आली तर बदलायला लावा, सगळी ताकद तिच्यावरूनच जाते. १५२ चे क्रँक नसतील तर १५५ चालतील. आणि गिअर कुठले आहेत? मागे हबमधले (चाकाच्या मध्यात बंद) की बाहेरचे? आधी सांगा, मग पुढे किती दातांचं लावायचं ते बघू.

मुंगीताई
बाहेरचे, मागे नऊ, सगळ्यात मोठं ३२. पुढे तीन आहेत, छोटं ३०. आत्ताच दुकानात फोन करून विचारलं. पुढचं छोटं २६ चं बसवता येईल म्हणतायत.

गिअरवाला
बसवा.